दातारांची कवळी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे दातार म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे. दात करतो म्हणून दातार, आणि आयुष्यात कुणाला फुकट टाचणीसुद्धा दिली नाही म्हणूनही दातार. दातार म्हणजे सढळ हातानं देणारा. ज्यानं पहिल्यांदा हे नाव ठेवलं त्यानं एका दगडात दोन पक्षी मारले होते. पण आमच्या शहाण्याला वाटलं, लोक आपल्याला मान देताहेत. त्यानं पेंटर बोलावून दुकानाच्या पाटीवर तेच नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. पाटी वर चढत होती तेव्हा समोरचा बेकरीवाला दारात उभा राहून पोट धरधरून हसत होता. दातार मला म्हणाला, "हसू द्या ताई. हसतील त्यांचे दात दिसतील." दिसलेच. बेकरीवाल्याचे पुढचे दात आम्हीच बसवलेले होते आणि त्यांचे पैसे सरकारनं भरले होते.

एक आधीच सांगून टाकते. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात अरे-तुरे. इथे मी मनातलं लिहिते आहे, तेव्हा मानापानाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

त्याचं दुकान, ज्याला तो कारखाना म्हणायचा, तळमजल्यावर होतं आणि वरच्या मजल्यावर त्याचा संसार. खाली शिरलं की आधी प्लास्टरची भुकटी नाकात जायची, मग मेणाचा वास. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन ते ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्याकडे पाठवायचे. दातार त्या ठशात प्लास्टर ओतायचा आणि त्यातून कुणाच्या तरी बोळक्या तोंडाचा पांढरा साचा निघायचा. मग तो साचा माझ्या टेबलावर. त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि तापलेल्या सुरीनं एकेक दात त्यात रोवायचा, हे माझं काम. माझा नवरा गेल्यावर बहिणीनं मला इथे चिकटवलं. दातारनं उपकार म्हणून ठेवून घेतलं आणि पगारही उपकार केल्यासारखाच दिला. पुढे डॉक्टर लोक "त्या बाईंनीच लावलेले दात पाठवा" असं म्हणायला लागले. उपकार नेमका कोण कुणावर करतंय हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं असेल, पण पगारापर्यंत ते पोचलं नाही.

माणूस आळशी नव्हता, हे मात्र मी कबूल करते. उजाडायच्या आत खाली उतरायचा, भुवयांवर प्लास्टर साचेपर्यंत राबायचा. नेमकी तीच पंचाईत होती. राबणाऱ्या माणसाला वाटतं, जगात जे काही आपल्या ताटात पडतं ते फक्त आपल्या घामाचं. आणि दुसऱ्याच्या ताटात पडतं ते मात्र फुकटचं.

त्याच्या ताटात पडायचं ते सरकारकडून. आमच्याकडे तेव्हा म्हाताऱ्यांना पेन्शन होतं, आजाऱ्याला घरबसल्या पगार होता, मुलांना शाळेत जेवण होतं आणि ज्याचे दात गेले त्याला कवळी होती. सगळं लोकांच्या करातून. कर जबर होता, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई कर भरून आली की ज्या शिव्या द्यायची, त्या ऐकून तिचं मशीनसुद्धा टाका चुकायचं. फुकटेही होते. एक निवृत्त पहारेकरी सारखी कवळी हरवायचा. एकदा म्हणे नदीत पडली, एकदा कुत्र्यानं नेली, आणि पुढची त्याच्या भावाच्या तोंडात आम्हीच पाहिली. अशी माणसं सगळीकडे असतात. ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळत नाही.

दातारला मात्र घर जाळायची घाई होती. दुपारी डबा खाताना त्याचं प्रवचन सुरू व्हायचं. ऐकणारे आम्हीच, म्हणजे मी आणि घासकाम करणारे दोघं भाऊ. ते यंत्रावर कवळ्या घासून चकाकी आणायचे आणि यंत्राच्या आवाजामुळे दोघंही अर्धवट बहिरे होते. प्रवचनाला असे श्रोते नशिबानंच मिळतात.

"फुकट मिळालं की माणसाचा कणा जातो," दातार म्हणायचा. "आयत्या बिळावरचे नागोबा सगळे. देश अशानं बुडतो, ताई. एकतर वाटत बसा, नाहीतर श्रीमंत व्हा. दोन्ही एका वेळी होत नाही."

"तुमचं तर दोन्ही चाललंय की," मी म्हणायची. "सरकार वाटतंय आणि तुम्ही श्रीमंत होताय."

"माझं माझ्या हाताच्या जोरावर."

"आणि हाताला काम कोण देतं?"

"डॉक्टर देतात."

"आणि डॉक्टरला पैसे?"

तो पाव मोडून आमटीत बुडवायचा, दातांखाली न घेता जिभेनंच दाबून गिळायचा आणि म्हणायचा, "तुम्हाला पेन्शन मिळतं ना ताई, म्हणून तुम्ही असं बोलता. माझ्या करातून मिळतं ते."

जिभेनं दाबून, हे मुद्दाम लिहिलं. आमच्या दातारचे स्वतःचे दात म्हणजे पडक्या कुंपणाचे खांब. अर्धे पडलेले, उरलेले हलणारे. सरकारच्या योजनेत त्याला कधीही कवळी मिळाली असती. पण फुकटचा दात तोंडात घेणार नाही, असा त्याचा बाणा होता. बरं, स्वतःच्या दुकानातून स्वतःच्या खर्चानं करून घ्यावी, तर दुकानातला माल स्वतःच खाल्ला तर धंदा कसा व्हायचा, हा दुसरा बाणा. दोन बाण्यांच्या मध्ये दात पडत गेले. शहरभर लोकांना दात देणारा माणूस पाव भिजवून खात होता आणि त्याला तत्त्व म्हणत होता.

मी काय पाहत होते ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. एक बाई आमच्याकडे यायची, नेहमी तोंडावर हात धरून बोलणारी. भाजीच्या बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर मागे बसून भाजी निवडायची. तिची कवळी डॉक्टरकडे नीट बसेना म्हणून तिला इकडे पाठवलं होतं. मी ती घासून, लावून, पुन्हा घासून बसवली. बाईनं आरशात पाहिलं आणि हात खाली घेतला. बास, एवढंच. पुढे वर्षभरात ती स्वतःच्या गाळ्यावर उभी राहून असं ओरडून भाजी विकायला लागली की शेजारचे गाळेवाले कानात बोटं घालायचे. तोंडात दात आले की माणूस तोंड उघडतो. मागतो, भांडतो, भाव करतो, हसतो, चावतो. बेकरीवाल्याचा कडक सालीचा पाव त्या काळात सकाळीच संपायचा. तो कोण खात होतं? ज्यांच्या तोंडात आम्ही दात रोवले होते तेच. आणि त्या पावाच्या पैशातून बेकरीवाल्यानं आपल्या दुकानाला काचेचं दार बसवलं, ज्याच्या मागे उभं राहून तो दातारशी सरकारच्या उधळपट्टीबद्दल तासन् तास गप्पा मारायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दातारची आई त्यांच्याकडेच राहायची. मी तिला मावशी म्हणायची. ती एके दिवशी मुलाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन ठसा देऊन आली. तिचा साचा माझ्या टेबलावर आला तेव्हा ती पाठोपाठ जिना उतरून खाली आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वरचा पुढचा एक दात जरा वाकडा बसव गं. माझा तसाच होता."

"सरळ बसवते की मावशी. फुकटच आहे, चांगले तरी घ्या."

"सरळ बसवलास तर मला ओळखणार कोण?"

मी तो वाकडा बसवला. शेजारच्या दाताच्या थोडा पुढे. त्यामुळे 'स' म्हणताना त्या फटीतून बारीक शीळ निघायची. मावशीचा 'स' म्हणे पहिल्यापासून तसाच होता. दात गेल्यावर शीळही गेली होती, ती परत आली. दिवसभर घरात हाक ऐकू यायची, "सूनबाई, साखर संपली", आणि प्रत्येक 'स' वर शिट्टी. माझी बहीण स्वयंपाकघरातून "आले आई" म्हणत धावायची. शेजारची मुलं तिला शिट्टीवाली आजी म्हणायला लागली.

दातारला कळलं तेव्हा त्यानं आकांडतांडव केलं. "माझ्या घरात फुकटची कवळी! मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. लाज आणलीस."

मावशी सफरचंद खात होती. ते कराकरा चावून, गिळून मग म्हणाली, "लाज काय तोंडात ठेवायची आहे? तोंडात दात ठेवतात."

याच सुमाराला कवळ्यांची योजना ठेवायची की बंद करायची यावर शहरानं मत द्यायचं ठरलं. सभागृहात सभा भरली. दोन विद्वान बोलवले होते, एक ह्या बाजूचा, एक त्या बाजूचा. एकानं सांगितलं, जितकं वाटाल तितकं सगळे श्रीमंत होतील. जणू पैसा विहिरीतल्या पाण्यासारखा पाझरतो. दुसऱ्यानं सांगितलं, वाटणं थांबवा, की त्याच दिवसापासून माणसं हात-पाय हलवायला लागतील. दोघांच्याही तोंडात स्वतःचे, चांगले, बालपणापासून दूध-फळं खाल्लेले दात होते. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ह्या दोघांचं कुठेच काही जळत नव्हतं. मला दोघांचाही सारखाच तिटकारा आला.

मग दातार उठला. ह्या धंद्यातलाच माणूस धंद्याचं नुकसान सोसून योजनेविरुद्ध बोलतोय, म्हणून लोक कान टवकारून ऐकायला लागले. तो म्हणाला, "एका म्हातारीला कवळी दिली, त्याचं दुःख नाही. पण काळ सोकावतो!" म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण त्यानं अशी वळवली होती आणि आठवडाभर ती माझ्यासमोर पाठ म्हणत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत मावशी बसली होती, नवी साडी नेसून, मुलाचं भाषण ऐकायला. तीही टाळ्या वाजवत होती आणि तोंडभर हसत होती. वाकडा दात दिव्यात चमकत होता. त्या सभागृहात त्या क्षणी लाज वाटणारी मी एकटीच असेन.

नुकसान सोसून वगैरे सगळं झूट होतं. दातारचा हिशेब वेगळा होता. त्याच्या मते योजना गेली की लोक स्वतःच्या पैशानं दात घेणार, आणि स्वतःच्या पैशानं घेणारा माणूस चांगलं घेतो. पातळ, चकचकीत, श्रीमंत दिसणारे दात. त्यासाठी त्यानं बाहेरून एक यंत्र मागवायचं ठरवलं. पैसे कुठून आणले? त्यानं वरचा मजला विकला. माझ्या बहिणीचं घर विकलं.

बहीण माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात धुतलेले पडदे होते. ज्या घरातून निघायचं त्याचे पडदे ही बया धुऊन, इस्त्री करून नव्या मालकाला देणार होती. "ह्यांनी शब्द दिलाय," ती म्हणाली. "वर्षभरात दुप्पट मोठं घर घेऊ म्हणाले. तोवर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचं."

"आणि लोकांनी दात घेतलेच नाहीत तर?"

"घेतील गं. दातांशिवाय कोण राहील?"

"तुझा नवरा राहतोय की."

ती हसली नाही. पडद्यांची घडी घालत बसली. तेव्हापासून माझ्यासाठी योजनेचा, कराचा, देशाच्या श्रीमंतीचा सगळा प्रश्न एवढाच उरला: माझ्या बहिणीला तिचं घर परत मिळतं की नाही. दातार बरोबर असेल तर मिळेल. मी मनापासून देवाला सांगितलं की बाबा, ह्या गाढवाचं एकदा तरी खरं होऊ दे.

मत दिलं गेलं. योजना बंद पडली. बेकरीवाल्यानं सगळ्यांना गोड बिस्किटं वाटली, फुकट. कर थोडा उतरला. शिवणकामवाल्या बाईनं उरलेल्या पैशातून नवी कात्री घेतली आणि काही दिवस शिव्या दिल्या नाहीत. यंत्र आलं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र, काचेची खिडकी असलेलं. दातार रोज ते फडक्यानं पुसायचा. पार्टिशनपलीकडच्या मागच्या खोलीत बहीण, मावशी, चूल आणि भांडी एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि अलीकडे यंत्र ऐसपैस बसलं होतं.

गिऱ्हाईक आलं, नाही असं नाही. एका बड्या व्यापाऱ्यानं दात करून घेतले, मग त्याच्या बायकोनं, मग एका गायकानं. दातार हर्षानं फुगला. मग श्रीमंत संपले. श्रीमंत लवकर संपतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि बाकीचे? बाकीचे लोक दातांशिवाय राहिले. खरोखर राहिले. माणूस कशाशिवायही राहू शकतो, हेच तर त्याचं दुर्दैव आहे. कुणी पाव भिजवून खाऊ लागलं, कुणी तोंडावर हात धरून बोलू लागलं. बेकरीवाल्याचा कडक पाव संध्याकाळपर्यंत पडून राहायला लागला. मग त्यानं तो करणं बंद केलं आणि मऊ पाव सुरू केला, तोही आकारानं लहान. काचेच्या दारामागे उभा राहून तो म्हणायचा, "मंदी आहे बुवा." जणू मंदी ही पावसासारखी वरून पडते.

आणि एक नवीन गिऱ्हाईक सुरू झालं, ज्याचा विचार ना त्या दोन विद्वानांनी केला होता ना आमच्या दातारनं. लोक मेलेल्यांच्या कवळ्या घेऊन यायला लागले. फडक्यात बांधून, डबीत घालून, एकदा तर चहाच्या कपात. "सासऱ्यांची आहे. मला बसवून द्या." "आईची आहे. थोडी घासली तर चालेल ना?" ज्या कवळ्या मी स्वतः लावल्या होत्या, प्रत्येक दात ओळखीचा, त्याच परत माझ्या टेबलावर. आतून घासायच्या, नवीन गुलाबी थर द्यायचा, दुसऱ्याच्या जबड्याला कशाबशा जुळवायच्या. भाजीवाली आली ती तुटलेली कवळी गोंदानं चिकटवून. तोंडावर पुन्हा हात होता. मी ती दुरुस्त करून दिली. पण चिरा गेलेली वस्तू ती, किती दिवस टिकणार? पुढे ती पुन्हा दुसऱ्याच्या गाळ्यामागे बसलेली दिसली.

दातार ह्या गिऱ्हाइकांकडे बघून नाक मुरडायचा. "मेलेल्याच्या तोंडातलं घालतात तोंडात. संस्कार नाहीत लोकांना." पण पैसे घ्यायचा. दुकान आता त्यावरच चाललं होतं.

मग घासकाम करणारे दोघं भाऊ गेले. त्यांना काढताना दातार म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, बाजार आहे." ते अर्धवट बहिरे असल्यामुळे त्यांना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग एक दिवस यंत्रही गेलं, आणलं त्याच्या चतकोर भावात. त्याच्या जागी फरशीवर एक स्वच्छ चौकोन उरला. वरच्या मजल्यावरचे लोक माझ्या बहिणीचेच पडदे लावून राहत होते. ती खाली अंगणात कपडे वाळत घालताना वर बघायची नाही.

त्या हिवाळ्यात मावशी गेली. दोन-तीन दिवसांचा ताप, बस्स. शेवटपर्यंत सफरचंद चावून खात होती. बहिणीनं तिची कवळी धुऊन एका स्टीलच्या डबीत जपून ठेवली. फेकवेना, म्हणाली. सभेतली ती म्हण माझ्या डोक्यात वाजत होती, पण ज्या घरात खरोखरची म्हातारी गेली आहे तिथे ती काढण्याइतकी मीही नीच नाही.

दातारचे वरचे शेवटचे दात त्यानंतर पडले. आता पावही त्याला जड जाऊ लागला. गालफडं आत गेली, बोलणं बुळबुळीत झालं, प्रवचनं कमी झाली. अन्न जात नव्हतं म्हणून माणूस वाळत चालला. बहीण पेज करून घालायची आणि माझ्याकडे येऊन रडायची. "ताई, ह्यांना एक कवळी करून दे ना गं. दुकानात काही सामान उरलंय का?" उरलं नव्हतं. नवे दात आणायला पैसे नव्हते. योजनाही नव्हती. दातारनं स्वतःच ती बंद करून दाखवली होती.

एका दुपारी मी टेबल पुसत होते. दातार पार्टिशनमागून आला. हातात ती स्टीलची डबी. टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "ही जरा बघता का? माझ्या मापाची होतेय का ते."

मी डबी उघडली. वाकडा दात माझ्याकडे बघत होता.

"ही तर फुकटची आहे," मी म्हटलं.

"आईची आहे," तो म्हणाला.

"आई गेली तुमची. म्हणजे मेलेल्याच्या तोंडातलं. संस्कार वगैरे म्हणत होतात तुम्ही."

त्याची मान खाली होती आणि हनुवटी जवळजवळ नाकाला भिडत होती. इथे मला त्याची कीव आली असं लिहिलं तर गोष्ट जरा बरी दिसेल. मला कीव आली नाही. मला वरचा मजला दिसत होता, भाजीवालीच्या तोंडावरचा हात दिसत होता. पण बहिणीसाठी मी त्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्या जबड्याचा ठसा घेतला.

गंमत बघा. फारसं घासावंच लागलं नाही. टाळू तीच, हिरडीचा बाक तोच. आईचा जबडा जसाच्या तसा मुलाकडे आला होता. आतून एक पातळ थर दिला आणि कवळी त्याच्या तोंडात अशी बसली, जणू त्याच्यासाठीच केली होती. गाल भरले. ओठ वर उचलला गेला. वाकडा दात बाहेर डोकावला. मी समोरच्या बेकरीतून कडक टोस्ट आणवला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं चावला. कर्र आवाज झाला. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडातून तो आवाज आला असेल. तो चावत राहिला, डोळे मिटून, टोस्ट संपेपर्यंत.

आता हा काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. माणूस आहे शेवटी. म्हणेल, चुकलो ताई. किंवा नुसतं, आई गं, म्हणेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दातारनं ओठावरचे कण पुसले, छाती पुढे काढली आणि पोट भरल्यावर येतो तो जुना आवाज लावून म्हणाला, "काही म्हणा ताई, सगळे सोकावले सरकारनं."

तीन वेळा शीळ वाजली. बारीक, स्वच्छ, जशीच्या तशी.

पार्टिशनमागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि माझ्या बहिणीनं हाक दिली, "आले आई!"

ती हात पुसत लगबगीनं दारात आली. आम्हा दोघांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा हात पदरातच राहिला. दातारनं ओठ घट्ट मिटले, लहान मूल औषध तोंडात धरून मिटतं तसे. बहीण तशीच वळली आणि आत गेली. आतून पाण्याचा आवाज आला नाही, भांड्याचा आला नाही, काहीच आलं नाही.

त्या दिवसापासून दातार सरकारबद्दल बोलत नाही. 'स' येईल असं काहीच बोलत नाही. साखरेला गोड म्हणतो आणि बायकोला लागेल ते खुणेनं दाखवतो. खातो मात्र, व्यवस्थित. दुकानावर ती पाटी आहे अजून, रंग थोडा उडालाय. वरच्या मजल्यावर पडदे आहेत. आणि माझी बहीण रोज त्याला ताट वाढते आणि तो जेवत असेपर्यंत तोंड भिंतीकडे करून बसते.